पोस्टातली नोकरी आणि शनिवारचा फुटबॉल: आयर्लंड, १९१६ ते १९२४

लेफ्टआउट
२८ मे १९२४. पॅरिसजवळचं कोलोंब स्टेडियम, ऑलिंपिक, आयर्लंड विरुद्ध बल्गेरिया. नव्या आयरिश फ्री स्टेटचा, म्हणजे १९२२ मध्ये ब्रिटिशांच्या हातून सुटलेल्या आयर्लंडचा, हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. पॅडी डंकनने उत्तरार्धात गोल मारला, १-० ने जिंकले. २ जूनला नेदरलँड्सने जादा वेळेत २-१ असं घरी पाठवलं. फुटबॉलच्या इतिहासात हे प्रकरण दोन ओळींत उरकतात.

मला त्या दोन ओळींमागच्या माणसांचं कुतूहल आहे. सगळे हौशी. सेंट जेम्सेस गेट हा गिनेसच्या दारूभट्टीतल्या कामगारांचा क्लब. बोहेमियन्स पक्के हौशी, खेळाचे पैसे घेणं पाप. कर्णधार डेनिस हॅनन अ‍ॅथलोन टाउनचा, वय ३६! त्या वयात आपल्याकडे लोक चालायला जायचं मनावर घेतात. हे सगळे आठवडाभर कुठेतरी राबायचे आणि शनिवारी खेळायचे. डब्लिनमध्ये पक्की, पेन्शनची नोकरी म्हटली की त्यात टपाल खातं आलंच.

तर प्रश्न असा. १९१६ ते १९२४ या काळात टपाल खात्यात नोकरी आणि शनिवारी फुटबॉल, अशा माणसाचं आयुष्य कसं असेल? त्याचा मालक आधी ब्रिटिश सरकार, मग फ्री स्टेट. त्याचा खेळ राष्ट्रवाद्यांच्या लेखी 'पलटणीचा खेळ', गोऱ्या शिपायांनी आणलेला. माझं मत: हा गडी दोन्हीकडून मार खात होता. ऑफिसात सरकारचा नोकर, मैदानात परकीयांचा चमचा. तुम्हाला काय वाटतं?

चिंगी
मला पहिला प्रश्न हा पडला की पॅरिसला जायला रजा कशी मिळवली असेल? अर्जात कारण काय लिहिलं असेल?

बाब्या_गोलकीपर
"आजी वारली." बल्गेरियाला हरवल्यावर मुदतवाढ: "दुसरी आजीपण."

खडूस_आजोबा
दोन्हीकडून मार वगैरे कादंबरीत ठीक. पोटापाण्याला लागलेला माणूस एवढा विचार करत नाही. सकाळी टपाल, संध्याकाळी दारू, शनिवारी बॉल. बाकी चळवळ वगैरे आपण शंभर वर्षांनी त्याच्या डोक्यात भरतो.

डब्लिनकर
आजोबा, बाकी कुठल्या खात्याबद्दल म्हणाला असतात तर मान्य केलं असतं. पण टपाल? डब्लिनमध्ये? चळवळ त्याच्या टेबलावर येऊन बसली होती हो.

मी डब्लिनच्या फिब्सबरोत राहतो, डॅलिमाउंट पार्क हे फुटबॉलचं मैदान पायी जाण्याच्या अंतरावर. जीपीओत, म्हणजे शहराच्या मुख्य टपाल कचेरीत, कामासाठी जाणं होतं. दरवर्षी राखी आणि दिवाळीची पाकिटं तिथूनच टाकतो. खांबांवर अजून गोळ्यांच्या खुणा आहेत, बोट घालून बघता येतं. काचेमागे कुहुलिनचा कांस्यपुतळा: मरतानाही शत्रूसमोर ताठ उभं राहता यावं म्हणून स्वतःला खांबाला बांधून घेतलेला वीर, खांद्यावर कावळा. आणि त्याच्यापलीकडे खिडकीशी एक आजीबाई वजनकाट्यावर पार्सल ठेवून किंमतीवरून वाद घालतायत. मला तर तो वादच जास्त आवडतो.

आता १९१६. इमारत जुनी, १८१८ ची, पण दुरुस्ती करून मार्चमध्ये नुकतीच लोकांसाठी उघडली होती. २४ एप्रिल, ईस्टरचा सोमवार, सुट्टीचा दिवस. निम्मं शहर फेअरीहाउसला घोड्यांच्या शर्यतीला गेलेलं. दुपारी बाराच्या सुमारास ब्रिटिशांविरुद्ध उठलेले बंडवाले आत घुसले, तिकिटं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना आणि नोकरांना बाहेर काढलं, वरच्या मजल्यावरची तारयंत्रं ताब्यात घेतली. बाहेर येऊन त्यांचा पुढारी पिअर्सने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. आयर्लंडच्या टपाल खात्याचे सर्वोच्च अधिकारी नॉर्वेसाहेब. त्यांना थोडंच आधी किल्ल्यावर, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कचेरीत, बैठकीला बोलावलं होतं, म्हणून ते वाचले. त्यांचा थोरला मुलगा आदल्या वर्षी फ्रान्समध्ये युद्धात गेला होता. त्याच्या वस्तू जपून राहाव्यात म्हणून साहेबांनी ऑफिसच्या तिजोरीत ठेवल्या होत्या. शुक्रवारपर्यंत इमारत पेटून कोसळली. त्या वस्तूही गेल्या.

म्हणजे सोमवारी सुट्टी घेऊन गेलेला सॉर्टर आठवड्याने परतला तेव्हा त्याचं ऑफिसच नव्हतं. इमारत परत उभी राहून उघडली १९२९ मध्ये.

पंतोजी
याच आठवड्यात आपल्याकडे काय चाललं होतं? २८ एप्रिल १९१६, बेळगाव. लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली. डब्लिनचं जीपीओ जळत होतं त्याच दिवशी! मागणी स्वराज्याची, नाव आयर्लंडचंच, मार्ग मात्र सनदशीर. टिळकांचा आयरिश राजकारणाचा अभ्यास होता, 'केसरी'त आयर्लंडच्या बातम्या सतत असत. अ‍ॅनी बेझंट तर स्वतःला आयरिश रक्ताच्या म्हणवत.

अवांतर झालं, पण राहवलं नाही.

चिंगी
पंतोजी, तुमचं अवांतर नसेल तर धागा ओळखू येत नाही. चालू द्या.

सॉर्टर
मी आरएमएसमधून (रेल्वे टपाल सेवेतून) निवृत्त. ३४ वर्षं रेल्वेच्या डब्यात आणि फलाटावर पत्रं लावली. तेव्हा या गड्याबद्दल चार ओळी बोलायचा हक्क मला आहे असं समजतो.

सॉर्टिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हल्लीच्या पोरांना वाटतं पत्र आपोआप जातं. समोर लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खण एका गावाचा. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, अंगठ्याने वरचं पत्र सरकवायचं, पत्ता वाचायचा, उजव्या हाताने खणात. खणाकडे बघायचं नाही, बघितलं की वेग गेला. नवीन पोरगा पहिले काही महिने बघत राहतो. मग एक दिवस हात आपला आपण जायला लागतो. आणि हे सगळं उभ्याने, हलत्या डब्यात, पाय फाकवून. रात्रपाळीनंतर पोटऱ्या दगड होतात. अशा पायांनी शनिवारी नव्वद मिनिटं फुटबॉल? त्याला माझा नमस्कार.

आता माझा मुद्दा. डब्लिनच्या सॉर्टरांचं काम नुसतं जीपीओत नव्हतं. किंग्जटाउनहून (आताचं डन लेरी) वेल्सच्या होलीहेडला टपालबोट जायची आणि टपाल बोटीतच, खालच्या मजल्यावर, लावलं जायचं. पोचेपर्यंत पिशव्या तयार. १० ऑक्टोबर १९१८ ला 'लीन्स्टर' ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. महायुद्ध संपायला एक महिना राहिला होता. पाचशेहून अधिक माणसं गेली. बोटीला लागलेला पहिला टॉर्पेडो टपालाच्या खोलीवरच बसला. आत डब्लिन पोस्टातले २२ सॉर्टर होते. २१ मेले. एकच वाचला.

लेफ्टआउटराव, तुम्ही विचारता आयुष्य कसं असेल. ड्यूटीचा तक्ता फिरता असतो. ज्याची त्या दिवशी पाळी नव्हती तो वाचला आणि शनिवारी खेळायला गेला असेल. ज्याची होती तो गेला. आमच्याकडे गाडीला अपघात झाला की आख्खं ऑफिस पहिल्यांदा तक्ता बघायला धावायचं.

रानजाई
काका, हे माहीत नव्हतं. अंगावर आलं. वाचनखुणांत साठवलाय तुमचा प्रतिसाद.

बाब्या_गोलकीपर
+१. विनोद करायला आलो होतो, गप्प बसतो.

टिकिटचिकट
गप्प नका बसू, माझ्याकडे हलकाफुलका मसाला आहे. स्वातंत्र्य मिळालं की टपाल खात्याला सगळ्यात आधी काय करावं लागतं? राजाचं डोकं झाकावं लागतं. फेब्रुवारी १९२२ मध्ये हंगामी आयरिश सरकारने ब्रिटिश तिकिटांवरच काळ्या शाईने 'आयर्लंडचं हंगामी सरकार' असं गेलिकमध्ये छापून ती विकायला काढली. म्हणजे पंचम जॉर्जच्या तोंडावर नवा शिक्का. माझ्या संग्रहात आहेत काही. एकावर छपाई थोडी तिरकी बसल्यामुळे अक्षरं राजाच्या नाकावरून गेलीत.

आणि लाल टपालपेट्या! पैसे कुठून आणणार? लालवर हिरवा रंग मारला, झालं. पेटीवर ओतीव लोखंडातली व्हिक्टोरिया राणीची, एडवर्डची अक्षरं तशीच ठेवली. आजही डब्लिनमध्ये हिरव्या पेटीवर राणीची अक्षरं दिसतात. डब्लिनकर, खरं ना?

डब्लिनकर
खरं. आमच्या कोपऱ्यावरच आहे एक. रंगाचे इतके थर आहेत की अक्षरं आता गुबगुबीत झालीत.

टिकिटचिकट
६ डिसेंबर १९२२ ला त्यांनी स्वतःचं पहिलं तिकीट काढलं, दोन पेन्यांचं. चित्र: आयर्लंडचा नकाशा. आख्ख्या बेटाचा! उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे, पण तिकिटावर सीमारेषाच नाही. आता धागाकर्त्यांच्या फुटबॉलकडे या. तिथे नेमकं उलटं चित्र.

लेफ्टआउट
धन्यवाद, हेच लिहिणार होतो. १९२१ पर्यंत आख्ख्या बेटाची एकच फुटबॉल संघटना होती, कार्यालय बेलफास्टला. १९२१ च्या आयरिश कपच्या उपांत्य फेरीत डब्लिनचा शेलबर्न आणि उत्तरेचा ग्लेनव्हन यांचा सामना बेलफास्टमध्ये बरोबरीत सुटला. रिवाजाप्रमाणे फेरसामना डब्लिनमध्ये व्हायला हवा होता. बेलफास्टने फर्मान काढलं, पुन्हा बेलफास्टलाच या. शेलबर्न गेलंच नाही. जूनमध्ये डब्लिनकर बेलफास्टपासून फुटले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. त्यामागे बरीच जुनी खुन्नस होती, काडी मात्र या सामन्याने लावली.

मग गंमत अशी की बेलफास्टवाले 'आयर्लंड' या नावाने बेटभरातून खेळाडू निवडत राहिले, थेट १९५० पर्यंत. डब्लिनवाले पण 'आयर्लंड'. हॅनन तर दोन्हीकडून खेळलाय. महायुद्धाआधी बोहेमियन्समध्ये असताना बेलफास्टच्या आयर्लंडकडून, आणि १९२४ मध्ये फ्री स्टेटकडून. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स डब्लिनशी सामने खेळायला तयार नव्हते. १९२३ मध्ये फिफाने आत घेतलं म्हणून ऑलिंपिकचं दार उघडलं. प्रतिस्पर्धी कोण मिळाले? बल्गेरिया, नेदरलँड्स, त्याच मुक्कामात मैत्रीचा सामना एस्टोनियाशी (३-१). शेजाऱ्याने बहिष्कार टाकला की माणूस पार लांबच्या गावात सोयरीक जुळवतो, तसं.

म्हापशेकर
सेंट जेम्सेस गेट गिनेसचा, कॉर्कचा फोर्डसन्स फोर्डच्या ट्रॅक्टर कारखान्याचा, जेकब्स बिस्किटवाल्यांचा. हे वाचून आम्हा गोंयकारांना घरी आल्यासारखं वाटतं. साळगावकर, धेंपो, सगळे कंपन्यांचेच क्लब की! पोरगा चांगला खेळला की कंपनीत चिकटवायचा. कागदावर कारकून, प्रत्यक्षात डावा विंगर. हौशी हौशी म्हणतात त्यातली निम्मी हौस मालकाची असते.

लेफ्टआउट
@म्हापशेकर, मुद्दा मान्य, पण १९२४ चा कप बघा. १७ मार्च, सेंट पॅट्रिकचा दिवस, डॅलिमाउंट. अंतिम सामना अ‍ॅथलोन टाउन विरुद्ध हाच फोर्डसन्स. अ‍ॅथलोन म्हणजे शॅनन नदीकाठचं छोटं गाव. त्यांनी कारखान्याला १-० ने हरवलं, आणि त्या आख्ख्या कप स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. म्हणून पॅरिसच्या संघात अ‍ॅथलोनची एवढी माणसं.

खडूस_आजोबा
सगळं छान. पण अजून मार कुठे खाल्ला ते कोणी सांगितलं नाही. 'पलटणीचा खेळ' ही शिवी कोण देत होतं? गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, देशी आयरिश खेळांची संघटना. त्यांच्या बाजूने एकदा बोलतो, कारण इथे सगळे फुटबॉलवेडे जमलेत.

२१ नोव्हेंबर १९२०. क्रोक पार्कमध्ये गेलिक फुटबॉलचा सामना, डब्लिन विरुद्ध टिपरेरी. ब्रिटिश फौजफाटा मैदानात घुसला आणि गर्दीवर गोळीबार केला. १४ माणसं मेली, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन. आजही त्या मैदानातला एक स्टँड त्याच्या नावाने आहे. ज्या संघटनेच्या मैदानावर हे घडलं तिने साहेबाच्या खेळावर बंदी घातली तर मला त्यात वावगं दिसत नाही.

लेफ्टआउट
आजोबा, बंदी गोळीबाराच्या कितीतरी आधीची आहे. आणि तिने काय साधलं? जीएएच्या सभासदाने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी खेळायचं तर नाहीच, बघायचंही नाही! कोण बघायला गेलं हे टिपायला पाळत ठेवणाऱ्या समित्या. १९३८ मध्ये डग्लस हाइड, गेलिक भाषेसाठी जन्म घालवलेला माणूस, देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, डॅलिमाउंटला पोलंडविरुद्धचा सामना बघायला गेला. राष्ट्राध्यक्ष म्हणून जावंच लागतं. जीएएने त्याचं आश्रयदातेपद काढून घेतलं. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. याला देशप्रेम म्हणायचं?

आणि 'परकीयांचा चमचा' म्हणणाऱ्यांना ऑस्कर ट्रेनर दाखवा. बेलफास्ट सेल्टिकचा गोलकीपर. १९१६ ला जीपीओशेजारच्या मेट्रोपोल हॉटेलातल्या तुकडीचा प्रमुख. पुढे संरक्षणमंत्री आणि फुटबॉल संघटनेचा अध्यक्षही.

खडूस_आजोबा
एक ट्रेनर दाखवून भागत नाही. मी दहा दाखवतो जे हर्लिंगची (काठी-चेंडूचा देशी आयरिश खेळ) काठी टाकून बंदूक घेऊन उभे राहिले.

डब्लिनकर
आजोबा, तुम्ही दहा दाखवलेत तर लेफ्टआउट अकरा दाखवतील, पूर्ण संघ. पुढे चला.

रानजाई
भांडण मिटवत नाही, उलट तेल ओतते. या धाग्याचा खरा नायक (की खलनायक) अजून आलाच नाही: जे. जे. वॉल्श.

हा कॉर्कचा. पोस्टात नोकरी, तीही तार खात्याशी निगडित. त्याच वेळी कॉर्कच्या जीएएचा अध्यक्ष. राजकारणापायी नोकरी गेली. १९१६ मध्ये जीपीओत बंडवाल्यांबरोबर. म्हणजे ज्या खात्याने हाकललं त्याच खात्याच्या मुख्यालयात बंदूक घेऊन! फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. आणि १९२२ मध्ये नव्या सरकारात हा माणूस कोणतं खातं घेतो? पोस्टमास्टर जनरल. आपलाच जुना साहेब झाला.

सप्टेंबर १९२२ मध्ये सरकारने टपाल कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याला कात्री लावली आणि ते संपावर गेले. १० सप्टेंबरला सुरू, २९ ला संपला. सुमारे दहा हजार माणसं. नव्या राज्यातला पहिला मोठा संप. ब्रिटनशी केलेल्या तहावरून आयरिश लोकांमध्येच यादवी युद्ध चालू, सरकारचा लष्करप्रमुख मायकेल कॉलिन्सला मारून तीन आठवडेही झाले नव्हते. वॉल्श आणि त्याच्या सरकारचं उत्तर: सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही. धरणं धरणाऱ्यांवर लष्कर सोडलं. स्वतः तारघरात बसलेला माणूस!

आता लेफ्टआउट, तुमच्यासाठी शेवटची ओळ. याच वॉल्शने ऑगस्ट १९२४ मध्ये क्रोक पार्कवर टॅल्टन गेम्स भरवले, प्राचीन आयरिश खेळांचं पुनरुज्जीवन म्हणून. हर्लिंग, मैदानी स्पर्धा, पोहणं, बुद्धिबळसुद्धा. तुमच्या फुटबॉलला जागा नव्हती. पॅरिसहून परतलेला टपालवाला फुटबॉलपटू असेल, तर त्याच्याच खात्याच्या मंत्र्याने त्याला राष्ट्रीय जत्रेतून बाहेर ठेवला.

लेफ्टआउट
टाळ्या! हा धागा मी याचसाठी काढला होता.

चिंगी
भत्ता कापणारा साहेब हा आधी आपल्याच खात्यात कारकून होता, हे दुःख ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांनाच कळेल. कापायचं कुठे हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

सॉर्टर
चिंगीताई, सोळा आणे. भत्त्यावर हात टाकला की शांत माणूसही युनियनच्या सभेला जातो. आणि त्या काळच्या टपालवाल्याची इमारतींशी काय दुश्मनी होती कळत नाही. जीपीओ जळाल्यावर सॉर्टिंग जवळच्या रोटुंडा रिंकमध्ये हलवलं होतं, पत्र्याखालची स्केटिंगची जागा. १९२२ मध्ये यादवीत तीही जाळली. एका नोकरीत दोन ऑफिसं जळालेली पाहिलेला सॉर्टर डब्लिनमध्ये नक्की असणार.

पंतोजी
कॉलिन्सचा उल्लेख आला म्हणून. तोही मूळचा टपालवालाच. १९०६ मध्ये पंधराव्या वर्षी परीक्षा देऊन लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टनमधल्या पोस्टाच्या बचत बँकेत पोरकारकून म्हणून लागला. लंडनमध्ये हर्लिंग खेळायचा, आणि 'पलटणीच्या खेळां'विरुद्ध आयरिश पोरांमध्ये भाषणं ठोकायचा. पुढे त्याने जी गुप्तहेर यंत्रणा उभी केली तिचा मोठा आधार टपालच होतं. ब्रिटिशांची पत्रं फोडणारी, तारांच्या नकला देणारी माणसं खात्यात आतच बसलेली. म्हणजे लेफ्टआउटचा टपालवाला, आजोबा म्हणतात तसा सकाळी टपाल आणि शनिवारी बॉल एवढाच नसेल. त्याच्या शेजारच्या खणासमोर उभा असलेला माणूस कोणाचा आहे, हा प्रश्न त्याला रोज पडत असणार.

खडूस_आजोबा
हे मात्र पटलं. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय याची भीती खरी.

रानजाई
अवांतर: १९२४ च्या त्याच पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र आयर्लंडला पहिलं पदक कशात मिळालं? चित्रकलेत! तेव्हा कलांच्या स्पर्धा असत. जॅक येट्सला लिफी नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीच्या चित्रासाठी रौप्य. आणि साहित्यात गोगार्टीला कांस्य, तेही टॅल्टन गेम्सवरच्या कवितेला. वॉल्शसाहेबांनी फुटबॉल गाळला, पण पदक पॅरिसमध्ये मिळवलंच म्हणायचं.

बाब्या_गोलकीपर
म्हणजे पोहणाऱ्याला पदक नाही, पोहणाऱ्याचं चित्र काढणाऱ्याला आहे. मी उद्यापासून गोलकीपिंग सोडून गोलकीपरची चित्रं काढणार.

डब्लिनकर
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं एक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही आणि ते लेफ्टआउटच्या मताच्या थोडं आडवं जातं.

१९१८ मध्ये ब्रिटिश सरकारने आयर्लंडमधल्या सरकारी नोकरांकडून राजनिष्ठेची शपथ मागितली. टपालवाले त्यात आले. शपथ नाही तर नोकरी नाही. जीएएने काय केलं? जो शपथ घेईल त्याला खेळायला बंदी. १९१९ च्या अधिवेशनात त्यावर मोठी वादावादी झाली, काहींनी सांगितलं की गरीब पोरं आहेत, पोटासाठी सही केलीय, पण ठराव कायम राहिला. म्हणजे समजा एखादा सॉर्टर लहानपणापासून हर्लिंगवाला आहे. बायकापोरं आहेत, सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा क्लब बंद. शनिवारी हा माणूस जाणार कुठे?

फुटबॉल क्लबात सहीबिही कोणी विचारत नव्हतं. बोहेमियन्स तर जन्मालाच सरकारी नोकरीच्या क्लासमधून आलाय. १८९० मध्ये फिनिक्स पार्कच्या फाटकावरच्या चौकीत जमलेल्या पोरांमध्ये बेल्स अकादमीची पोरं होती, आणि ती अकादमी सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करून घ्यायची. म्हणून मला वाटतं, टपालवाल्याला फुटबॉलपायी मार बसत नव्हता. फुटबॉल ही त्याला उरलेली जागा होती. मार बसायचा तो नोकरीपायी.

सॉर्टर
शपथेवर सही करतानाचा हात मी डोळ्यासमोर आणतोय. खणाकडे न बघता पत्र टाकणारा हात तिथे अडला असेल.

लेफ्टआउट
डब्लिनकर, प्रतिसाद जबरदस्त. तरी माझं अर्धं मत मी सोडणार नाही. १९१९ साठी तुमचं खरं. पण १९२४ मध्ये ब्रिटिश गेले होते, शपथ गेली होती, आणि तरीही खात्याचा मंत्री जीएएचा, जत्रा जीएएच्या मैदानावर, आणि ऑलिंपिक खेळून आलेला संघ जत्रेबाहेर. तिथे नोकरीचा काय संबंध? तिथे खेळच नडला.

डब्लिनकर
नडला, पण लोकांना नाही. १४ जून १९२४ ला हाच फ्री स्टेट डॅलिमाउंटवर अमेरिकेशी खेळला, घरचा पहिला सामना. शेलबर्नच्या एड ब्रुक्सने तीन गोल मारले, ३-१. मंत्र्याच्या जत्रेला दीडेक महिना बाकी होता. डॅलिमाउंटच्या प्रेक्षकांना जत्रेची वाट बघायची गरज नव्हती.

खडूस_आजोबा
माझं एवढंच म्हणणं, वॉल्शने महागाई भत्ता द्यायला हवा होता. बाकी खेळ कुठला का असेना.

चिंगी
आजोबा आणि सॉर्टरकाका एका बाजूला! धाग्याचं सार्थक झालं.

टिकिटचिकट
पुढचं टपाल: १९४८, लंडन ऑलिंपिक. आयर्लंडचा हौशी संघ पुन्हा उतरला. आपणही होतो तिथे. कर्णधार तालिमेरेन आओ, वैद्यकीचा विद्यार्थी, बरेच खेळाडू अनवाणी. फ्रान्सशी २-१ ने हरलो, दोन पेनल्टी वाया घालवून. आयर्लंडच्या वाट्याला पोर्ट्समथमध्ये कोण आलं असेल?

बाब्या_गोलकीपर
नेदरलँड्स म्हणू नका.

टिकिटचिकट
नेदरलँड्स. १-३.

बाब्या_गोलकीपर
२४ वर्षांनी त्याच पत्त्यावर पोच. रजिस्टर्ड होतं वाटतं.